पॅरिस ते बर्लिन, पावणेदोन तास

शेजारी आज कांदा-लसूण चटणी केलीय. त्या वासानं बारा वर्षांपूर्वीची एक दुपार समोर उभी राहिली.

थोरला मुलगा पॅरिसला, धाकटा बर्लिनला. दोन वर्षांत दोघं एकमेकांकडे एकदाही गेले नव्हते. मी मोबाईलवर अंतर शोधलं आणि बायकोला तावातावानं सांगितलं, "विमानानं पावणेदोन तास फक्त! सख्ख्या भावांना एवढंबी जमत न्हाय?"

ती गडहिंग्लजच्या माझ्या भावासाठी चटणीचा डबा फडक्यात बांधत होती. दरवर्षी डबा एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, भाऊ तिकडच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. आमचं भांडण नव्हतं. जाणं तेवढं होत नव्हतं.

गाठ आवळत ती म्हणाली, "गडहिंग्लजबी दोन तासच हाय की. डबा दरसाल जातोय. तुम्ही कवा गेलतासा?"

मी रागानं डबा उचलून स्टँडवर गेलो. गाडीत खिडकीजवळची जागा रिकामी होती. क्षणभर तिच्याकडे बघत राहिलो, मग डबा कंडक्टरच्या हातात देऊन घरी आलो.

आता बायको नाही, भाऊही नाही. पोरं अजून तेवढ्याच अंतरावर आहेत. एकदा भेटून या म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणू? खिडकीजवळची जागा रिकामी होती.