ड्रायव्हरची प्लेट

"परत एकदा घ्या साब. मशीन चुकलं असंल."

यूसुफभाईंनी शर्टाची बाही पुन्हा खांद्यापर्यंत चढवली. मी तिसऱ्यांदा पट्टा गुंडाळला, हवा भरली, कान लावून ऐकलं. पारा जिथे आधी थांबला होता, तिथेच पुन्हा थांबला. बीपी वाढलेलं होतं. सकाळी उपाशीपोटी तपासलेली रक्तातली साखर आली होती ती अगदी काठावर. अजून डायबेटिस म्हणता येत नव्हतं, पण दार उघडून तो आत डोकावत होता.

"तकलीफ काईच न्हाई साब. चक्कर न्हाई, छातीत दुखत न्हाई. मंग काहून अडवता?"

"तकलीफ होत नाही हीच तर तकलीफ आहे," मी म्हणालो.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्यानंतरची ही गोष्ट. मी कळमनुरीत सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होतो. आमच्याकडे एसटीचे ड्रायव्हर फिटनेससाठी येत. फिटनेस म्हणजे डोळे, बीपी, साखर आणि हृदय तपासून, हा माणूस पन्नास प्रवासी घेऊन गाडी चालवायला योग्य आहे असं डॉक्टरने लिहून द्यायचं. 'अनफिट' लिहिलं की स्टिअरिंग सुटतं. मग डेपोत लाइट ड्युटी. टायर मोजा, गेटवर बसा. यूसुफभाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि ती त्यांना गेटवर बसून काढायची नव्हती.

मी आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांकडे गेलो.

"नोकरी जाऊ नये असं तुला वाटतंय," ते म्हणाले. "मलाही वाटतं. पण पाठीमागे प्रवासी बसलेले असतात."

"सर, बीपी फार नाही. औषध सुरू करतो. महिन्याची मुदत द्या, तोवर गाडी चालवू द्या."

"दिली. महिन्यानंतर हेच आलं तर शिफारस घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

मी यूसुफभाईंना गोळ्या दिल्या. तंबाखू बंद, लोणचं-पापड बंद, तळलेलं बंद. आणि सांगितलं, "सकाळी घरून खाऊन निघत जा. दोन भाकरी, भाजी. नुसत्या चहावर गाडी काढायची नाही."

"घरून?" ते म्हणाले. थोडे हसले आणि टोपी सारखी करत निघून गेले.

पंधरा दिवसांनी बीपी जरा उतरलं. साखर मात्र होती त्याहून वर गेली. मला काही समजेना.

त्याच आठवड्यात मला औरंगाबादला ट्रेनिंगला जायचं होतं. पहाटेची गाडी धरली तर स्टिअरिंगवर यूसुफभाई. मी पुढच्या सीटवर बसलो. निघण्याआधी स्टँडवर एक चहा झाला. हिंगोलीला दोन. औंढ्याला गाडी पाच मिनिटं थांबली तर पोऱ्याने ग्लास थेट खिडकीतून आत दिला. प्रत्येक ग्लासाच्या तळाशी न विरघळलेली साखर दिसत होती.

हे जरा सोपं करून सांगतो. रात्रभर पोट रिकामं असतं. त्यात सकाळी गोड चहावर गोड चहा गेला की रक्तातली साखर झपकन चढते आणि तशीच उतरते. भूक मरते, पण भागत नाही. मग दुपारी माणूस दोन माणसांचं जेवतो. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर उचलून शरीरभर पोचवणारा हमाल. त्याला सकाळभर धावपळ आणि दुपारी एकदम ट्रकभर माल. वर्षानुवर्षं असं चाललं की हमाल थकतो, माल दारातच पडून राहतो. पुढे रक्तवाहिन्या आणि हृदय त्याची किंमत मोजतात.

औंढ्याच्या पुढे, सिद्धेश्वरच्या फाट्याजवळ, दत्तरावांचं हॉटेल होतं. गाडी तिथे वीस मिनिटं थांबायची. अशा हॉटेलांची एक रीत असते. ड्रायव्हर-कंडक्टरच्या नाष्ट्याचे पैसे घेत नाहीत. त्यांना आतल्या बाकावर बसवतात आणि सगळ्यांच्या आधी वाढतात. त्या दिवशीही प्लेट आली. मिरचीची भजी, शिरा, वर शेवेचा ढीग.

यूसुफभाईंनी प्लेट हळूच बाजूला सरकवली. "न्हाई दत्तराव. फकस्त चाय."

"पंधरा दिस झाले, हेच करून राहिले तुमी!" दत्तरावांनी खांद्यावरचं फडकं बाकावर आपटलं. "काहून? आमचं तेल वंगाळ झालं का? का पुढच्या हॉटेलवाल्यानं काई सांगितलं?"

"डॉक्टरसाबनं मना केलं. हे काय, बसले."

दत्तरावांनी माझ्याकडे वळून हात जोडले, पण आवाज काही खाली आणला नाही. "साहेब, ड्रायव्हर खाईना म्हणल्यावर गाडी उद्या हितं थांबंल का? गाडी थांबली न्हाई तर माझ्या भज्याला कोण इचारतंय? एका माणसाचं बीपी उतरवाया सगळ्या घराचं चढवता का?"

कंडक्टर शिऱ्याचा घास तोंडात घेऊन हसला. मी यूसुफभाईंकडे वळलो.

"पण यूसुफभाई," मी विचारलं, "घरून खाऊन निघा म्हणालो होतो ना?"

त्यांनी चहाचा ग्लास फिरवला. "घरी कोण हाय साब? पोरगं पुण्याला. जुबेदा गेली त्याला दोन वर्सं झाली. ती होती तवा माझ्या गाडीच्या आधी तिचा तवा सुरू व्हायचा. पहाटे अंधारात थापायची. उभ्यानं अर्धी भाकर खाऊ घातल्याबिगर चप्पल घालू देत न्हवती. अंबाड्याची भाजी, वर लसणाचं तेल. बाकीची फडक्यात बांधून द्यायची. हितं या बाकावर बसून मी तेच खायचो. इचारा दत्तरावला."

दत्तरावांनी फडकं उचलून पुन्हा खांद्यावर टाकलं. "खरं हाय," एवढंच म्हणाले.

म्हणजे बायको होती तोवर हा माणूस घरची भाकरी खात होता. ती गेल्यावर हॉटेलची प्लेट खाऊ लागला. मी तीही बंद केली, तेव्हा दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिला. माझ्या सल्ल्यात एक चूल गृहीत धरलेली होती आणि ती विझलेली होती.

तेवढ्यात मागून वास आला. जवारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवली की येतो तो. मी एकदम आठ-नऊ वर्षांचा झालो. माझी आई साखरा गावच्या शिवारात मजुरीला जायची. सुट्टीच्या दिवशी मीही मागे जायचो. ऊन जरा वर आलं की बाया विळे खाली ठेवून न्याहारीला बसत. आई फडकं सोडायची. भाकरी, कांदा, तेलात कालवलेली चटणी. मोठा वाटा माझ्या हातात यायचा. "खा लेकरा, मला भूक न्हाई," म्हणायची. ती भूक नसणं काय असतं ते मला कॉलेजात पोषणाचा धडा वाचताना कळलं, आणि तेव्हा ती ऐकायला नव्हती. माझ्या नोकरीची एकही सकाळ तिने पाहिली नाही. तिच्या कष्टांनी मी शेतातून सुटलो, पण सुटताना न्याहारीही सुटली. मास्तर, तलाठी, कारकून, ड्रायव्हर, सगळ्यांचं असंच. पगार आला आणि सकाळचं पान उठलं.

"मागे काय चाललंय?" मी विचारलं.

"ते आमच्या घरचं हाय साहेब. भाकर अन् मुगाची डाळ."

"मग तेच यूसुफभाईंना द्या."

दत्तराव असे बघायला लागले की जणू मी त्यांना गल्ल्यातून चोरी करायला सांगितलं. "ड्रायव्हरसाहेबाला भाकर वाढू? लोक काय म्हणतील? दत्तराव बुडाला म्हणतील. पाव्हण्याला तळलेलंच द्यावं लागतं साहेब. भाकर काय, कुनीबी खातं."

मागच्या चुलीपुढचा पडदा बाजूला झाला. दत्तरावांची बायको कौसल्याबाई, पिठाने हात भरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लोकाला बोलू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भाबी होत्या तवा भाऊ हितंच बसून भाकर खात होते, तवा न्हाई बुडालं तुमचं हॉटेल." मग यूसुफभाईंकडे वळल्या. "भाऊ, उद्यापासून तुमी आमच्यातच खायाचं. मीठ कमी टाकीन. न्हाई म्हणायचं न्हाई."

"पन बाई, तुमाला तकलीफ..."

"चार थापते तिथं सहा थापीन. चुलीला काय कळतंय?"

त्यांनी उद्याची वाट पाहिली नाही. स्टीलच्या ताटलीत एक भाकरी आणि डाळ आणली. यूसुफभाईंनी तुकडा मोडला, डाळीत बुडवला, आणि तसाच हातात धरून राहिले. मग उठले, हात धुवायचाय म्हणाले आणि बराच वेळ नळापाशी पाठ करून उभे राहिले. कंडक्टरने त्या दिवशी घंटी मारायची घाई केली नाही.

महिना भरला. बीपी ठीक होतं. साखर काठाच्या आत आली होती. सगळं श्रेय भाकरीला देऊ नये. गोळ्या होत्या, तंबाखू सुटली होती, चहाचे ग्लास कमी झाले होते. पण पोट सकाळी भरायला लागलं म्हणून चहा कमी झाला, हेही खरं. सुपरिंटेंडेंटसाहेबांनी सगळं पुन्हा स्वतः तपासलं आणि 'फिट'वर सही केली.

"मग? बाईंच्या भाकरीची चव जमली का?" मी यूसुफभाईंना विचारलं.

ते शर्टाची बाही खाली करत होते. "चव निराळी हाय साब. जुबेदाची पातळ असायची. पन थापायचा आवाज सेम हाय. म्हनून मी जरा लवकर जाऊन बसतो. पडद्याकडं पाठ करून."

पुढे त्यांनी स्टिअरिंगवरच नोकरी पुरी केली. दर तपासणीला आले, दर वेळी पास झाले. दत्तरावांचं हॉटेलही चाललं. दुसरे काही ड्रायव्हर भाकरी मागू लागले, तेव्हा 'पाव्हण्याला भाकरच बरी' असं दत्तराव स्वतः सांगू लागले.

माझ्या पुस्तकांत पथ्य काय द्यावं ते होतं. ते रांधणार कोण, हे नव्हतं. तेव्हापासून चाळिशीच्या पुढचा नोकरदार समोर बसला की गोळी लिहिण्याआधी मी विचारतो, "सकाळी तुमच्या घरी चूल कोण पेटवतं?" बरेच जण लगेच सांगतात. काही जण खिडकीबाहेर बघतात. मग मी पेन खाली ठेवतो आणि रांग जरा थांबते.