पाण्याचा थेंबसुद्धा नाही

माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत तोंड उघडं टाकूनच झोपायची. घोरणं असं की आलेला पाहुणा विचारायचा, आत आजोबा झोपलेत का? आम्ही हसायचो. मग मध्येच तिचा श्वास अडकायचा, ती दचकून उठून बसायची आणि आमचं हसू कुठच्या कुठे पळायचं. डॉक्टर म्हणाले, नाकाच्या मागे ॲडेनॉइडच्या गाठी वाढल्यात, काढून टाकू. ऑपरेशन छोटं, पण पूर्ण भूल द्यायची, म्हणून पोट रिकामं हवं. सकाळी काही म्हणजे काही द्यायचं नाही.

हे ऐकल्यापासून मी घरात फौजदारच झाले. कासार आंबोलीच्या आमच्या घरात मी, नवरा, लेक आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नातीला पदराआडून काहीबाही चारायची त्यांना भारी हौस. "आत्या, उद्या हिच्या तोंडात शेंगदाणा जरी गेला ना, तर बघा," असा मी आदल्या संध्याकाळीच दम भरला. बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला. आत्या एवढंच म्हणाल्या, "न्हाई देत बाई. मला काय कळत न्हाई व्हय?"

सकाळी नवरा पहिल्या पाळीला गेलेला, म्हणून गाडी मीच काढली. निघताना पोरगी उंबऱ्यात बसली आणि येणार नाही म्हणून तिनं भोकाड पसरलं. मी तरातरा आत गेले, चमचाभर दह्यावर साखर घातली आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं चाटून खाल्लं, गप झाली, दारात उभ्या आत्या तिला घेऊन गाडीत मागे बसल्या आणि आम्ही निघालो. बोर्डाची परीक्षा असो की नोकरीची मुलाखत, आमच्याकडे दही-साखरेशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. ते खाणं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हात आपोआप फ्रिजकडे गेला होता.

सूसच्या हॉस्पिटलात पोरीला तिथला ढगळा गाऊन घातला. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"रात्री खिचडी. त्यानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही," मी तोऱ्यात म्हणाले.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग आपला तळहात उघडून पाहिला. तेव्हा कुठे मला आठवलं. अगं बाई, दही! आता सांगावं, तर घर डोक्यावर घेणारी मीच तोंडावर आपटणार, तेही आत्यांसमोर. चमचाभर तर होतं, काय होतंय तेवढ्यानं, अशी मी मनाची समजूत घातली. पोरगी काहीतरी बोलणार असं दिसलं, तसे मी डोळे वटारले. तिनं मूठ मिटली. डॉक्टरबाईंनी आत न्यायला तिचा हात धरला.

"खाल्लंय तिनं," आत्या मागून म्हणाल्या. "दही-साखर. निघताना म्याच दिली."

डॉक्टरबाई भडकल्याच. "आजी, एवढं बजावून सांगितलं होतं ना? भुलीत उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं! आज काही होणार नाही, पुढची तारीख घ्या." आत्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. शेजारच्या कॉटवरच्या मुलाची आई माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "या म्हाताऱ्या माणसांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत." आणि मी, मेलीनं, मान हलवली. आत्यांनी ते पाहिलं.

परत येताना पोरगी मागे आत्यांच्या मांडीवर झोपली, तशीच घोरत. मला आरशात बघवेना.

"आत्या, तुम्ही कशाला अंगावर घेतलं?"

"मग काय करायचं? तू सांगशील म्हणून थांबले की मी. तर तू पोरीवरच डोळं वटारलंस. ती बाई पोरीला आत घेऊन चालली हुती गं. मी बोलले नसते, तर तू बोलली असतीस का?"

"म्हणजे काय! बोलणारच होते," मी ठसक्यात म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाल्या.

पुढच्या तारखेला ऑपरेशन नीट झालं. पोरगी आता तोंड मिटून झोपते, घोरणं गेलं. आत्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नवऱ्यालाही अजून वाटतं की दही त्याच्या आईनंच दिलं, आणि त्यावरून तो त्यांना चिडवतो. त्या हसतात. मीही हसते, आणि तेव्हा मला माझीच शिसारी येते. कारण मी बोलणार नव्हते. पोरगी आत गेली असती, दार लागलं असतं आणि मी बाहेर बाकड्यावर देवाचं नाव घेत बसले असते.