दहीवालीसाठी फरशा

दुष्काळ सरल्यावरच्या पावसाळ्यात सोलापुरातल्या आमच्या अंगणात अक्कलकोटकडची दहीवाली चिखलात घसरली आणि तिचं दिवसाचं दही मातीत गेलं. लगेच मी घमेल्यात काँक्रीट ओतून फरशा केल्या. आठवडाभर पाणी मारलं आणि निथळाव्यात म्हणून फुगीर बाजू वर ठेवून ओट्यापर्यंत बसवल्या.

ती मात्र कडेच्या चिखलातूनच आली.

"मावशी, या तुमच्यासाठीच केल्यात!"

"पिंडीवर पाय ठिवू व्हय? लईच शान्या की तुमी!"

मी फरशा उलटवून सपाट बाजू वर घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं वाकून पहिलीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाऊल ठेवलं.

"आता बिनधास्त चाला," मी म्हटलं.

"हळू बोला की, बाई. देव पालथा निजलाय."

पावसाळाभर ती तशीच आली, कुणाची झोप मोडू नये अशा पावलांनी. घसरली मात्र एकदाही नाही.