सतराचं ॲव्हरेज

जेवता जेवता नवऱ्याने जाहीर केलं, "गाडी विकून टाकू. लिटरला बारा देते, बारा! नुसती पेट्रोल पिते. तू आपली कंपनीच्या बसने जात जा." तो स्वतः हिंजवडीला कॅबने जातो, त्याला काय जातंय बोलायला?

आम्ही पुनावळ्यात राहतो. चाकणच्या एका कारखान्यात मी गाड्यांचे एअर फिल्टर तपासते. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली की मी गाडी काढून देहूला, माहेरी जाते. आईला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजव्या हाताची बोटं मिटून जातात. डॉक्टरांनी रोज अर्धा तास व्यायाम सांगितलाय, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. भाऊ-वहिनी रात्री कामावरून येतात, म्हणजे हे काम माझंच. बस हायवेने थेट पुनावळ्याला येते. गाडी गेली की आईचा हात गेला, इतकी सरळ गोष्ट होती.

"सोळा आणून दाखवते," मी म्हटलं. "आलं, तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही."

"बायकांचा पाय जड असतो गं क्लचवर. सोळा काय, तेरा आण."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रविवारी सकाळीच गाडी घेऊन चिखलीच्या गॅरेजवर गेले. तिथले मेकॅनिककाका वयस्कर, जुन्या गावातले. त्यांनी बॉनेट उघडून फिल्टर काढला आणि विचारलं, "ताई, कामाला कुठं तुमी?"

"फिल्टरच्या कंपनीत."

काकांनी तो फिल्टर उलटा करून आपटला, तर मूठभर धूळ पडली. अगं बाई! दिवसभर फिल्टर उजेडाला धरून बघणारी मी, स्वतःच्या गाडीचा चार वर्षांत उघडून पाहिला नव्हता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"दम लागला की मानूस पानी जास्त पितो का न्हाई? तसं झालंय हिचं," काका म्हणाले. त्यांनी फिल्टर आणि प्लग बदलले. मागचा ब्रेक चाकाला धरून बसला होता, तो मोकळा केला. टायरांत हवा फार कमी होती, ती गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना तपासायला सांगितलं. नवरा हौसेने महागातलं प्रीमियम पेट्रोल भरायचा, त्यावर म्हणाले, "या इंजिनाला साधंच पुरतं. आन् आता पेट्रोलात इथेनॉल असतंय, त्यानं थोडं कमी व्हनारच. ते काय आपल्या हातात न्हाई."

डिकी मी रिकामी केली. त्यात गणपतीच्या सजावटीचं लोखंडी टेबल निघालं आणि नवऱ्याचे डंबेल्स निघाले. डंबेल्स याचे, आणि पाय म्हणे माझा जड!

टाकी फुल केली. आठवडाभर चालवून त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा, असं ठरलं. पण पहिल्याच दिवशी देहूच्या अलीकडे रस्ता खणलेला. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा रस्ता सोडला तर सोळा नक्की येतील. एका आठवड्याने काय होतंय? मी आईला फोन करून ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं आणि पुढचे सहा दिवस हायवेने सुसाट घरी आले.

सतरा आलं! नवऱ्याने दोनदा भागाकार केला आणि हात जोडले. "मानलं बुवा तुला. ठेव गाडी."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या थाटात देहूला गेले. आई खाटेवर बसली होती. मी हात हातात घेतला, तर बोटं घट्ट मिटलेली. तळव्यात नखं रुतून लाल वळ उठले होते. जेमतेम उघडायला लागलेली दोन बोटंसुद्धा परत आत गेली होती.

"गाडी विकली ना?" आईने विचारलं. "जावई विकायची म्हणत होते, तू येईनाशी झालीस तेव्हाच मला कळलं होतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून फोनवर बोलले नाही."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ज्या हातासाठी गाडी वाचवायची, तोच मी सहा दिवस वाऱ्यावर सोडला होता. त्या दिवशी अर्ध्या तासाचा तास केला. आई कळवळत होती आणि मी रडत होते, पण हात सोडला नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "ते सतरा खोटं आहे. पुन्हा मोजायचं." काय केलं तेही सांगितलं. पुन्हा टाकी फुल केली. आठवडाभर रोज देहू, रोज तो खणलेला रस्ता, पहिला-दुसरा गिअर. एकदाही हायवेकडे वळले नाही.

साडेपंधरा आलं.

नवऱ्याने कागदावर पुन्हा भागाकार करून पाहिला. "अर्धा कमी पडला," तो म्हणाला.

"पडू दे," मी किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "उद्या यायला मला उशीर होईल. आईचं तिसरं बोट हलायला लागलंय."