जांभळी भाकरी

परवा औषधाच्या दुकानात जांभळ्या औषधाची बाटली दिसली आणि पौडजवळच्या आमच्या घरातली चूल आठवली. साठच्या आसपासची गोष्ट. हाताला इसब झालं म्हणून सासरच्यांनी आत्याला माहेरी पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "एकाचं दुसऱ्याला होत नाही हे. पण अशा सोललेल्या कातडीत पीठ आंबवणाऱ्या जातीची बुरशी घर करते, म्हणून हे जांभळं औषध लावा आणि हात कोरडे ठेवा." तरी तिच्या हातचं कुणी खाईना. आणि तांदळाची भाकरी तर पाण्याच्या हातानंच थापायची, तरी माझ्यापुरती एक ती थापायचीच. गरम पिठाचा गोडसर वास सुटायचा, पांढऱ्या भाकरीवर तिची औषध लावलेली बोटं उमटायची, आणि मला ती फुलंच वाटायची. एके दिवशी आत्याचे मालक तिला न्यायला आले. ती हात पदराखाली घेऊन बसली. आजी म्हणाली, "बरी हाय आता ती." ताटं वाढली आणि मी भोकाड पसरलं, "मला आत्याची जांभळी भाकरी पायजे!" त्यांनी तिला हात दाखवायला सांगितले, ते पाहिले, भरल्या ताटावरून उठले आणि दुपारच्या एसटीनं एकटेच गेले. आईनं मला धपाटा घातला. आत्यानं चुलीत लाकूड सारलं, भाकरी थापली, मुद्दाम पाची बोटं उमटवली आणि म्हणाली, "खा माजी बाय. आता रोज करंन तुला. हितंच हाय की मी." मी आनंदानं नाचले होते. आमच्या घरात आज इसब कुणालाच नाही, तरी परवा ती बाटली मी घेऊन आले.