वग नको म्हणालो, ती जत्रा

मी बी.ए. झालो त्या साली जत्रेचा तमाशा ठरवायला पंचांनी मला नारायणगावला नेलं. आमच्या घरात तोवर मॅट्रिकही कुणी झालं नव्हतं. मला ते मानाचं वाटलं, आणि का वाटू नये? निघताना वडील एवढंच म्हणाले, "वग कंचा हाय तेवढं इचारून ये." वग म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं राजा-प्रधानाचं नाटक. वडील वर्षभर मेंढरांमागे फिरायचे, जत्रेतला वग ही त्यांची एकच चैन.

नारायणगावात फडांच्या राहुट्या ओळीनं लागलेल्या. एका राहुटीत मॅनेजरनं धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. गण, गवळण, बतावणी, हिंदी गाणी, मग वग. पंच माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी एकेकाचा निकाल लावला. गण पाहिजेच. गवळणीतल्या मावशीचे विनोद जरा आवरते घ्या. गाणी दुप्पट करा.

"आणि वग काढून टाका," मी म्हणालो. "आता कोण बघतंय राजा-प्रधान?"

"मास्तर, वगाबिगर तमाशा म्हंजी जेवायला बोलवून नुसतं पाणी पाजायचं," मॅनेजर म्हणाला.

पंच हसले. पण शिकलेला पोरगा सांगतोय म्हणून ऐकलं माझंच. घरी आल्यावर मी वडिलांना काही बोललो नाही. म्हटलं, गाण्यांच्या नादात विसरतील.

त्यांनी तळेघरकडून मामांना, म्हणजे माझ्या आत्याच्या मालकांना, खास वगासाठी बोलावलं होतं. हे मला कळलं ते जत्रेच्या दिवशी, मामा धुळीनं भरलेले पाय धूत ओट्यावर बसले तेव्हा. तमाशात पोरं गाण्यांना शिट्ट्या मारत होती. हे दोघं मात्र प्रत्येक गाणं संपलं की सरसावून बसायचे, आता वग लागेल म्हणून. मी मागं उभा राहून त्या दोन पाठी बघत होतो. मग पडदा पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी असते. फडातली माणसं रंग न लावता देवापुढं थोडं गातात, पंच त्यांना नारळ देतात. राजाचं काम करणारा गडी मिश्री लावत बसला होता. मी म्हणालो, "वगातला एखादा प्रवेश करा ना."

"आमची कुठं ना हाय? पर पंचांना तुमीच सांगा. काल नको व्हता, आज पायजे?"

तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं, की वग मीच काढायला लावला होता, चुकलं, आता एक प्रवेश होऊ द्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "नापास झालं वाटतं बी.ए." सगळे हसले.

राजा लुंगीवरच दरबारात आला. वडील पुढं जाऊन बसले. एकटेच, कारण मामा पहिल्या एसटीनं गेले होते. सोंगाड्याच्या एका उत्तरावर वडील डोळे पुसेपर्यंत हसले आणि हसता हसता शेजारी कुणाला तरी काही सांगायला वळले. शेजारी कुणी नव्हतं.

घरी जाताना मी विचारलं, "मामांना काय सांगितलंत?"

"राजा आजारी पडला म्हणालो. पंचांनी रातीच सांगितलं व्हतं मला. तुजं नाव कशाला घिऊ?"

पुढं काही महिन्यांनी घोडेगावच्या स्टँडवर मामा भेटले. घरची चौकशी झाली, आणि मग त्यांनी विचारलं, "त्या राजाला बरं वाटलं का रं?"

खरं सांगितलं असतं तर वडील खोटे पडले असते.

"वाटलं," मी म्हणालो.

"बरं झालं. लई चुटपुट लागली व्हती," मामा म्हणाले. "ऐन जत्रंच्या दिसांत पडला बिचारा."