नको आणि ने

संगमनेरच्या मावशींच्या हातात कागद टिकत नसे. बसचं तिकीट, चॉकलेटचा कागद, चर्चमधलं पत्रक, काहीही मिळालं की त्यांची बोटं ते घट्ट वळून, टोक आत दुमडून मोकळी होत. बोलणं चालूच असे. नागोयातल्या आमच्या लहानशा चर्चमधल्या बायकांनी त्यांना एकदा कागदाचा करकोचा करून दाखवला. मावशींनी बघता बघता तसाच दुसरा केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी हात पदराखाली घेतले आणि मला म्हणाल्या, "यांना सांग, कौतुक करू नका. हे हात सहाव्या वर्षी शिकलेत, विड्या वळून." मी जपानीत एवढंच सांगितलं की त्या आभारी आहेत.

मी तशीच होते. पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, प्रार्थनासुद्धा इंग्रजीत करणारी, चारचौघांत तोंड उघडण्यापूर्वी तीनदा विचार करणारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला गेले. मावशींचा मुलगा त्याच कंपनीत होता आणि मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. "तुझ्या मराठीला चष्मा लागलाय गं," असं म्हणून त्या मला रोज त्यांच्या मराठी बायबलचं एक पान मोठ्यानं वाचायला लावत.

'अनाथ' हा शब्द त्यांना खपत नसे. आईवडील गेल्यावर त्या चुलत्याकडे विड्या वळत. तिथून मिशनच्या वसतिगृहात आल्या आणि पुढे तिथेच तीस वर्षं त्यांनी मुली सांभाळल्या. मी एकदा "अनाथ मुली" म्हटलं, तर लगेच म्हणाल्या, "पोरक्या म्हण. नाथ आहे की त्यांना."

या मुलींची हकीकत ऐकून चर्चच्या महिला मंडळातल्या मोरी-सान हळहळल्या. त्यांनी सुचवलं, आपण वसतिगृहाला रंगीत कागद पाठवू, मुली करकोचे करून पाठवतील, ते इथे विकून मुलींनाच मदत करू. मावशी मला म्हणाल्या, "नको म्हण. गोड बोलून म्हण, पण नको."

जपानीत 'केक्को देसु' म्हटलं की नको, असू द्या. मला ते कोरडं वाटलं, म्हणून शेवटी एक मऊसं 'ने' जोडलं. त्या एका अक्षरानं अर्थ फिरला. मोरी-साननी ऐकलं, "छानच आहे, नाही का?" त्यांनी आनंदानं मान लववली आणि सगळं नीट पार पडलं असं समजून मी चहा घेतला.

दोन रविवारांनी त्या सांगत आल्या की पार्सल विमानानं गेलंसुद्धा. सोबत इंग्रजी चिठ्ठी, हिवाळ्यापूर्वी हजार करकोचे पाठवावेत.

मी काय बोलले होते ते मावशींनी विचारून घेतलं. "मी म्हटलं नको, आणि तू म्हणालीस ने? अगं, मराठीतसुद्धा ने म्हणजे घेऊन जा." त्या हसल्या, पण त्यांच्या हातातलं पत्रक त्या दिवशी सपाटच राहिलं.

वसतिगृहात फोन नव्हता. आम्ही त्याच दिवशी पत्र टाकलं, पण पार्सल पुढे गेलेलं. "सुशीला आहे तिथे आता. माझ्याच हाताखालची, पण परदेशातून आलेलं म्हणजे तिला हुकूमच वाटायचा," मावशी म्हणाल्या. "हजार पक्षी म्हणजे पोरींच्या सगळ्या दुपारी गेल्या. काम चांगल्या मनानं दिलं म्हणून बोटं दुखायची राहतात का?" मला त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मोरी-सान चर्चमध्ये एक पाकीट घेऊन आल्या. सगळ्या बायका भोवती जमल्या. आत सुशीलाबाईंचं मावशींच्या नावानं लिहिलेलं मराठी पत्र होतं, आणि ते मलाच वाचावं लागलं. "कागद पोचले. तुमचं पत्र नंतर आलं, पण त्याआधीच मी ते मुलींना खेळायला वाटून टाकले होते. शाळेतून आल्यावर मुलींना कामाला बसवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तिथल्या बायकांची क्षमा मागा, पक्षी एकही झाला नाही." सोबत एक चेपलेली होडी होती, एक मुकुट होता आणि एक चार पायांचं काहीतरी, त्यावर लिहिलेलं 'म्हैस'.

या वेळी मी सगळं सांगितलं. विड्या, सहावं वर्ष, माझी चूक, काहीही मऊ न करता. मोरी-साननी म्हैस उचलून तळहातावर ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "दोरीवरच्या उड्या आवडतील का त्यांना?"

मावशी पुढच्या आठवड्यात परत जायच्या होत्या. स्टेशनकडे चालताना म्हणाल्या, "म्हैस कुणी केली, लिहिलंय का?"

मी पत्र काढून पाहिलं. चर्चमध्ये न वाचलेल्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. नवी मुलगी, विड्यांच्या कामातून सोडवून आणलेली. आल्यापासून रोज सकाळी विचारायची, आज किती वळायच्या? चौथ्या दिवशी तिनं म्हैस केली आणि त्यानंतर विचारलं नाही.

मावशी थांबल्या. त्यांनी डोळे पुसले, नाकही पुसलं.

"मला खेळायला लागायला चार महिने लागले होते," त्या म्हणाल्या. "हिला चार दिवस. देवबापाचा हात बसलाय आता या कामात."